पुट्टीखालचा पत्रा

जुनी गाडी 'रिस्टोअर' करून आणली, असं कुणी अभिमानानं सांगितलं, की तिच्या दाराच्या खालच्या कडेला छोटा लोहचुंबक लावून बघावा. फियाट, अॅम्बेसेडर, जीप या पोलादी पत्र्याच्या गाड्या. चुंबक चिकटला तर खाली पत्रा आहे. घसरून पडला तर खाली पुट्टी आहे, आणि आपण ज्याच्यासोबत फोटो काढतोय तो गाडीच्या आकाराचा रंगवलेला लेप आहे. आमच्या कंधार-नांदेड-लातूरकडे हल्ली वरातीत, हॉटेलांच्या दारात अशा चकचकीत जुन्या गाड्या दिसतात. मी चुंबक लावून बघतो. बहुतेक वेळा तो घसरतो.

माझं भांडण चकाकीशी नाही. चकाकीलाच जतन समजण्याशी आहे. आणि या गैरसमजाला आपला कायदाही हातभार लावतो.

आधी पत्र्याचं समजून घेऊ. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार झालेल्या फियाटला, म्हणजे पुढच्या पद्मिनीला, ट्रकसारखी वेगळी चासी नाही. तळ, खांब, छप्पर आणि दाराखालच्या पोकळ पेट्या जोडून एकच सांगाडा होतो. बॉडी हीच गाडी. त्या पेट्यांत चिखल साठतो, पाणी निघायची भोकं बुजतात आणि गंज आतून बाहेर येतो. रंगावर पहिला फोड दिसतो तोवर आतला पत्रा खाल्लेला असतो. त्यावर पुट्टी फासली की ओल आत कोंडते. काही पावसाळ्यांत फोड परत येतो, आणि दरम्यान सांगाड्याची ताकद गेलेली असते. जीपचं तसं नाही. तिची बॉडी चासीवर बोल्टनं बसवलेली असते, उचलून बाजूला ठेवता येते. पण गंजाचा न्याय तिथंही तोच.

खरं काम असं असतं: चांगला पत्रा लागेपर्यंत गंज कापायचा. त्याच जाडीचा नवा तुकडा हातानं वळवायचा. अंतरा-अंतरानं टाके मारायचे, कारण एकाच जागी वेल्डिंग चालवलं की पातळ पत्रा तापून वाकतो. ताणलेला पत्रा तापवायचा आणि ओल्या फडक्यानं आकसवायचा. बाहेरून हातोडी, आतून डॉली. पुट्टी सगळ्यात शेवटी, सायीसारखी पातळ.

हे जमणारे हात कंधारात अजून आहेत. माझ्या ओळखीचा एक डेंटर डोळे मिटून मडगार्डवरून तळवा फिरवतो, आणि डोळ्याला न दिसलेला पोचा तळव्याला सापडतो. पण असं एक मडगार्ड करायला आठवडा जातो, आणि पुट्टीनं तेच अर्ध्या दिवसात दिसायला तसंच होतं. गिऱ्हाईक विचारतं, दिसायला सारखंच आहे तर आठवड्याची मजुरी कशाची? मग तोही पुट्टीचा डबा उघडतो. मी त्याला दोष देणार नाही. मालकाला जे हवं तेच तो विकतो.

आता कायदा. 2021 साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांची तरतूद आली. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी विंटेज ठरते. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, नोंदणी 10 वर्षांसाठी. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी; चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा.

हेतू चांगला आहे. पण गंजलेला तळ कापून हुबेहूब तसाच बसवला, तर तो फेरबदल की दुरुस्ती? ज्या देशात चार महिने पाऊस पडतो तिथं 50 वर्षांच्या गाडीच्या पत्र्याला हात लागलेलाच असणार. नियम हे वेगळं करून सांगत नाही, म्हणून मालक दुरुस्ती लपवतो. आणि लपवायला पुट्टीसारखं दुसरं साधन नाही. प्रामाणिक टाका दिसतो. लबाडी गुळगुळीत असते.

दुसरं भगदाड याहून मोठं. खासगी गाडीला 15 वर्षांनी पुन्हा नोंदणी करावी लागते. त्याचं शुल्क 2022 मध्ये 600 रुपयांवरून 5,000 झालं. 2025 मध्ये 20 वर्षांपुढच्या मोटारीसाठी ते 10,000 झालं. म्हणजे पंधराव्या वर्षापासून गाडी नकोशी, आणि पन्नासाव्या वर्षी ती वारसा. मधली 35 वर्षं ती कुणी सांभाळायची? ज्याच्याकडे मोकळी शेड आणि मोकळा पैसा आहे त्यानंच. प्रदूषणाचा मुद्दा मला मान्य आहे. रोज धूर ओकत धावणारा ट्रक भंगारात गेलाच पाहिजे. पण महिन्यातून दोनदा निघणाऱ्या फियाटला त्याच मापानं मोजू नये.

कुणी म्हणेल, दुष्काळी मुलखात ही चैन कशाला? चैन श्रीमंतांचीच राहू नये, म्हणूनच तर हे भांडण. निजामाची पिवळी रोल्स रॉइस हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात सुखरूप आहे. तिची काळजी मला नाही. 1932 साली निजामाच्या रेल्वेनं 27 बसगाड्यांनिशी प्रवासी वाहतूक सुरू केली, तेव्हा आमचा मराठवाडा त्याच राज्यात होता. त्या काळातली एक अल्बियन बस हैदराबादच्या बस भवनात जपलेली आहे. सामान्यांची गाडीही जपता येते, याचा हा पुरावा. उलट आपली एसटी जुन्या चासीवर नवी बॉडी चढवते आणि सरळ पुनर्बांधणी म्हणते. तो प्रामाणिक व्यवहार आहे. बॉडी नवी करून गाडीला 'अस्सल' म्हणणं हा नाही.

कंधारच्या किल्ल्याच्या तटावर कुणी सिमेंट थापून वर रंग मारला तर आपण गप्प बसणार नाही. 1964 च्या व्हेनिस सनदेनं वास्तूंसाठी सांगितलं, की मूळ शक्य तितकं राखा, नवं घातलेलं ओळखू येऊ द्या, नोंद ठेवा. तेच तत्त्व जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं ट्यूरिन सनदेत गाड्यांना लावलं. दगडाला जो न्याय, तोच पत्र्याला.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. गंजाची दुरुस्ती म्हणजे फेरबदल नव्हे, हे नियमात स्पष्ट लिहा. गाडीसोबत कामाची वही असू द्या: काय कापलं, काय जोडलं, आधीचे आणि नंतरचे फोटो. त्या वहीत डेंटरचं नाव आणि सही असू द्या. 15 ते 50 वर्षांच्या, क्वचित फिरणाऱ्या गाड्यांसाठी कमी शुल्काची वेगळी नोंदणी काढा. आयटीआयच्या यादीत ऑटो बॉडी रिपेअर आणि शीट मेटलचे अभ्यासक्रम आहेत. तिथं शिकवायला या जुन्या कारागिरांना मानधन देऊन बोलवा.

आणि मालकांनो, पुढच्या वेळी डेंटरला रंग कधी होणार हे विचारण्याआधी पत्रा उघडा असताना जाऊन बघा. जिथं टाका दिसेल तिथं त्याची मजुरी द्या. पत्रा बाजारातून पुन्हा आणता येईल. तो तळव्यानं वाचणारा माणूस उद्या मिळेलच असं नाही.