उत्पादक कंपनीचा व्यवस्थापक : कसोटी काट्यापाशी

शेतकरी उत्पादक कंपनीसाठी मुख्य कार्यकारी अधिकारी निवडताना संचालक मंडळे उमेदवाराची पदवी पाहतात, संगणकाचे ज्ञान पाहतात, हिशेबलेखनाचा अनुभव विचारतात. माणसांशी त्याला कसे वागता येते, हे मात्र क्वचितच तपासले जाते. माझ्या मते हा क्रम उलटा असावयास हवा.

इतर उद्योगांत मालक, पुरवठादार आणि ग्राहक निरनिराळे असतात. उत्पादक कंपनीत हे तिन्ही एकच. सकाळी सोयाबीन विकावयास आलेला सभासद दुपारी तेथूनच खत नेतो आणि वार्षिक सभेत मत देतो. तेही भाग कितीही असले तरी एकच मत. अशा मालकाला ‘तुमचा माल घेता येत नाही’ असे सांगण्याचे काम त्यानेच नेमलेल्या, बहुधा त्याच्या मुलाच्या वयाच्या पगारी व्यवस्थापकाकडे येते.

सोयाबीनचेच उदाहरण घेऊ. हमीभाव खरेदीत ओलाव्याची मर्यादा साधारणतः १२ टक्के असते. पावसात सापडलेले पीक घाईने मळून आणले तर मापकावर १५-१६ टक्के दिसतात. ‘माल परत न्या’ हे उत्तर नियमाला धरून असले, तरी भाडे भरून ट्रॅक्टर आणलेल्या माणसाला ते अपमानासारखे लागते. त्याच दिवशी तो व्यापाऱ्याकडे वळतो आणि गावात जाऊन सांगतो, ‘कंपनी आपली नाही.’ कुशल व्यवस्थापक येथे वेगळे वागतो. पोत्यातून नमुना तो शेतकऱ्यालाच काढावयास सांगतो, मापकाचा आकडा त्याला स्वतः वाचू देतो, शंका असल्यास दुसरा नमुना घेतो. वाळवण्यास जागा आणि ताडपत्री देता आली तर देतो. मुख्य म्हणजे काढणीपूर्वीच गावोगाव बैठका घेऊन ओलाव्याची अट समजावलेली असते. नियम दोघांचाही एकच. परंतु पहिल्याने सभासद गमावला.

चुकारे लांबले की दुसरी परीक्षा येते. पैसे वरून आले नसतील तर तो व्यवस्थापकाचा दोष नव्हे. परंतु अशा वेळी दूरध्वनी न उचलणे हा त्याचाच दोष. ‘अजून आले नाहीत, शुक्रवारी पुन्हा कळवतो’ एवढे सांगून शुक्रवारी खरोखर कळवणारा माणूस पुष्कळ राग थोपवू शकतो. उगाच ‘उद्या जमा होतील’ म्हणणारा गोड बोलतो खरा, पण त्याला मानवी संबंधांचे कौशल्य म्हणता येणार नाही.

अध्यक्ष आणि व्यवस्थापक यांचे नाते हा आणखी नाजूक विषय. खेडा जिल्ह्यातील दूध उत्पादकांचा संघ १९४६ मध्ये उभा राहिला आणि १९४९ मध्ये वर्गीस कुरियन आणंदला आले. ते मूळचे केरळचे, शिक्षणाने अभियंते. त्रिभुवनदास पटेल यांच्यासारखा गावोगावी विश्वास मिळवलेला अध्यक्ष लाभला आणि त्या नेतृत्वाला कुरियन यांनी मान दिला, म्हणून परप्रांतीय तंत्रज्ञाला तेथे काम करता आले. आपल्याकडे मात्र अध्यक्ष रोजच्या खरेदीत हात घालतात, नाहीतर व्यवस्थापक त्यांना केवळ सहीपुरते बोलावतो. दोन्हींत संस्था खंगते.

केंद्र शासनाच्या २०२० च्या १०,००० शेतकरी उत्पादक संघटनांच्या योजनेत प्रत्येक संघटनेस तीन वर्षांसाठी १८ लाख रुपयांपर्यंत व्यवस्थापन खर्चाचे साहाय्य आहे. या काळातील प्रशिक्षणांत परवाने, लेखापरीक्षण, विवरणपत्रे यांवर भर असतो. ते आवश्यकच आहे. पण नाराज सभासदाशी कसे बोलावे, महिला सभासदांना सोयीची बैठकीची वेळ कशी ठरवावी, संचालकांतील भाऊबंदकीत न अडकता निर्णय कसा घ्यावा, यांसाठी तासभरही दिला जात नाही. विस्तार कार्यकर्त्यांनी हा सराव प्रत्यक्ष खरेदी केंद्रावर घ्यावा. संचालक मंडळांनीही नेमणुकीपूर्वी उमेदवाराला एक संपूर्ण दिवस काट्यापाशी उभे करून पाहावे आणि संध्याकाळी त्याच्याविषयीचे मत माल परत न्यावा लागलेल्या शेतकऱ्यांना विचारावे.