टॉवरची भीती आणि कानाजवळचा मोबाईल

गेल्या पालकसभेत एक सूचना आली. शाळेसमोरच्या गच्चीवरील मोबाईल टॉवर हटवावा, असा अर्ज शाळेने नगर निगमला द्यावा. सूचना मुलांच्या काळजीपोटी आली, म्हणून तिची टिंगल करणे आम्हांस मान्य नाही. पण अर्जाआधी मोजणी व्हावी, असे आमचे मत आहे.

१ सप्टेंबर २०१२ पासून भारतात टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश करण्यात आली. ९०० मेगाहर्ट्झला ती दर चौरस मीटरला ०.४५ वॅट येते. दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' योजनेत ठरलेले शुल्क भरून टॉवरची तपासणी मागता येते. टॉवरवरील अँटेनाचा झोत साधारण समोर जातो, पायथ्याशी कमी पडतो. तेव्हा मोजणी अंगणात नव्हे, वरच्या मजल्यावरील वर्गांत व्हावी.

आता जी गोष्ट सभेत कोणी काढलीच नाही, ती. टॉवर दूर असतो, मोबाईल मात्र कानाला टेकलेला असतो. शिवाय रेंज कमी झाली की टॉवरपर्यंत पोचण्यासाठी मोबाईल आपली शक्ती वाढवतो. आपल्या बऱ्हाणपुरात पॉवरलूमच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जुन्या घरांच्या जाड भिंतींआड किंवा खंडव्याला जाताना रेल्वेच्या डब्यात रेंजची एखादीच कांडी दिसते, आणि नेमके तिथेच आपण ओरडून ओरडून बोलत बसतो! जवळचा टॉवर गेला, तर हीच स्थिती आपल्या घराघरांत येईल.

अँटेनाचेही तसेच. पूर्वी ती काडीसारखी बाहेर दिसे, आता ती मोबाईलच्या कडांमध्ये दडलेली असते. ती मुठीत झाकली किंवा धातूचे कव्हर घातले, तर मोबाईलला जास्त जोर लावावा लागतो. लहरी अडवणारे म्हणून विकले जाणारे स्टिकर तर घेऊच नयेत. त्यांनी अँटेनाच अडली, तर परिणाम उलटा होतो. मोबाईल पडल्यावर अचानक रेंज कमी येऊ लागली, तर अँटेनाची जोडणी तपासून घ्यावी.

हे सारे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या लहरी 'कदाचित कर्करोगकारक' गटात घातल्या. (कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे.) पुढे २०२४ मध्ये त्याच संघटनेने करवून घेतलेल्या आढाव्यात मोबाईल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. तरीही मुलांच्या बाबतीत इअरफोन किंवा स्पीकर वापरणे, रेंज नसेल तर बोलणे आवरते घेणे, यात तोटा काय? मोबाईलवर स्टार, हॅश, ०, ७, हॅश दाबल्यास बहुधा त्याचा सार आकडा दिसतो. भारतात तो किलोमागे १.६ वॅटपेक्षा जास्त चालत नाही.

विश्वस्त मंडळाने तपासणीचे शुल्क मंजूर करावे आणि येणारा आकडा, तो कसाही असो, शाळेच्या फलकावर लावावा. मर्यादेबाहेर निघाला, तर अर्जावर पहिली सही आमची.