मोबाईलवरचा विंच आणि हुबळीचं कोटेशन



१ जून ते ३१ जुलै समुद्र बंद असला तरी नौकामालकाला सुट्टी नसते. नौका वर ओढली की जाळी, इंजिन, शाफ्ट, विंच, सगळं एकदमच अंगावर येतं. १ ऑगस्टला जी नौका तयार नाही तिचे सुरुवातीचे चांगले दिवस किनाऱ्यावर बसून जातात, आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही. या धावपळीत आता एक नवीन गोष्ट आली आहे. तिच्यावरून ग्रुपवर बरीच वादावादी झाली, म्हणून सोसायटीचं म्हणणं इथे मांडतो.

आपल्यातले बरेच जण मशीनचं काम हुबळीला देतात. आपली मासळी अंकोल्याहून अरबैल घाट चढून वर जाते आणि येताना त्याच वाटेने पार्ट खाली येतात, ही जुनीच सोय आहे. हुबळी-धारवाडला लेथवाले, फाउंड्रीवाले, सीएनसीवाले हाकेच्या अंतरावर सापडतात. गोकुळ रोडला किर्लोस्कर इलेक्ट्रिकचा कारखाना आहे, आणि कारखान्यांना लागणारे मोठे व्हॉल्व्ह बनवण्यात तर या शहराचं नाव देशभर आहे. पाणी, गंज आणि दाब यांच्याशी रोज झटणारी माणसं तिथे आहेत.

आता होतंय असं, की आपला मालक आधी मोबाईलवर एआयला विचारतो, ‘अमुक फुटी ट्रॉलरसाठी विंच कसा बनवायचा, खर्च किती?’ दोन मिनिटांत चित्र येतं, मापं येतात, खाली रुपयांत आकडा येतो. मग फोन हुबळीला. ‘मोबाईल एक लाख चाळीस हजार सांगतोय, तुम्ही दोन लाख दहा कसे लावता?’ वर्कशॉपवाला चिडतो. मालकाला वाटतं आपण लुबाडले जातोय. काम दुसऱ्याकडे जातं, जो एक लाख पन्नासला ‘हो’ म्हणतो. त्याने कुठे वाचवले ते आपल्याला कळतं भर समुद्रात.

एआय वापरू नका असं आम्ही म्हणणार नाही. मोठ्या कंपन्या ते वापरतात आणि त्यांना फायदाही होतो. २०१८ साली अमेरिकेच्या जनरल मोटर्सने ऑटोडेस्क कंपनीच्या सॉफ्टवेअरकडून गाडीच्या सीटचा एक ब्रॅकेट नव्याने बेतून घेतला. आधी आठ तुकडे जोडून व्हायचा, तो एकाच तुकड्यात आला, ४० टक्के हलका आणि २० टक्के मजबूत. पण तो नमुना थ्रीडी प्रिंटिंगने बनवायचा होता, आणि सीटवर किती भार येतो याची मोजलेली माहिती कंपनीकडे तयार होती. आपल्याकडे कोणी मोजलंय?

खर्चाचंच घ्या. १२ मिलीमीटर जाडीच्या लोखंडी प्लेटचं एका चौरस मीटरला ९४ किलो वजन भरतं. विंचच्या दोन बाजूच्या प्लेटा ६०० बाय ८०० धरल्या तर दोन्ही मिळून साधारण ९० किलो. हा हिशोब मोबाईल बरोबर करतो. मग तो म्हणतो, प्लेटला मोठी भोकं पाडून वजन कमी करू, म्हणजे खर्चही कमी. तसं होत नाही हो! वर्कशॉपवाला प्लेट अखंडच विकत घेतो. भोकातून पडलेला तुकडा भंगारात जातो आणि भोक कापायची मजुरी वर चढते. ड्रमच्या गोल कडांचंही तसंच. ५०० मिलीमीटरची चकती ५०० च्या चौकोनातून कापली की पाचव्या हिश्श्याहून जास्त पत्रा वाया जातो, आणि त्याचे पैसे बिलात असतातच. तयार वस्तूच्या वजनावर काढलेला अंदाज म्हणूनच कमी निघतो.

दुसरं, ओढण्याची ताकद. अंदाजात लिहिलेलं असतं ‘क्षमता १ टन’. कुठल्या थराला? रिकाम्या ड्रमचा व्यास २०० मिलीमीटर असेल आणि तार भरल्यावर तो ४०० होत असेल, तर तेच इंजिन, तोच गिअर असूनही शेवटच्या थराला ओढ निम्मीच राहते. प्रत्येक तांडेलाला हे अंगवळणी पडलेलं आहे, तार भरत आली की विंच कण्हायला लागतो. पण मोबाईलच्या अंदाजात ते लिहिलेलं नसतं. आणि जाळं खडकाला अडकलं की बसणारा हिसका? तो एका टनाच्या हिशोबात बसत नाही. अशा वेळी आधी काय सुटलं पाहिजे हे विंच बनवण्यापूर्वी ठरवावं लागतं. क्लच घसरला तर ठीक. तार तुटून उलटी आली किंवा विंचचा पाया उखडला तर समोर खलाशी उभा असतो. चाळीस-पन्नास हजार वाचवताना ब्रेकचा पट्टा बारीक झाला, तर त्याची किंमत कोणाच्या बोटांनी मोजायची?

खाऱ्या पाण्याचं तर विचारूच नका. एआयला ‘स्टेनलेस’ म्हटलं की ते बहुतेक वेळा ३०४ चा भाव धरतं. समुद्रावर ३१६ जास्त टिकतं, कारण त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि ते मिठाच्या माऱ्याला तोंड देतं. भावात फरक मोठा आहे. साध्या लोखंडाच्या प्लेटला स्टेनलेसचे बोल्ट मारले तर खाऱ्या पाण्यात बोल्ट चकचकीत राहतो आणि भोवतालचं लोखंड आधी खातं. हे चित्रात दिसत नाही, दुसऱ्या पावसाळ्यात दिसतं.

मग मोबाईलचा उपयोग काय? फोड मागायला. कोटेशन हातात आलं की एआयला विचारा, यात कोणते खर्च वेगळे दाखवायला हवेत? माल किती किलो, कुठल्या ग्रेडचा, वेल्डिंगचे तास, मशीनचे तास, गॅल्वनायझिंग, वाहतूक, बसवणी. ती यादी घेऊन वर्कशॉपवाल्याशी नीट बोला. चांगला कारागीर अशा प्रश्नांवर चिडत नाही. बेअरिंग कुठल्या कंपनीचं घालणार हे विचारल्यावर जो गप्प बसतो, त्याचं कोटेशन कितीही स्वस्त असो, आम्ही घेणार नाही. आणि एक विनंती, एका वर्कशॉपने मेहनतीने काढलेलं ड्रॉइंग त्याला न विचारता मोबाईलवर टाकून दुसऱ्याकडून स्वस्तात बनवून घेऊ नका. आपली मासळी दाखवायला म्हणून नेऊन कोणी परस्पर विकली तर आपल्याला चालेल का?

खरी बचत वेगळीकडेच आहे, आणि ती एकट्याने होत नाही. समजा गिअरच्या घराचा ओतकामाचा नमुना बनवायला ४० हजार लागले. एकाच विंचवर ते सगळे पडतात. वीस नौकांनी एकाच मापाचा विंच मागवला तर प्रत्येकी २ हजार. आज आपण वीस जण वीस मापं घेऊन वीस दुकानं फिरतो आणि वर महागाईला नावं ठेवतो. घरातलं सोनं गहाण ठेवून नौकेला पैसा लावणाऱ्या बायकांनी हा हिशोब सभेत जरूर विचारावा.

म्हणून आमचा प्रस्ताव असा आहे. सोसायटीने ट्रॉलरच्या दोन ठराविक आकारांसाठी विंचची गरज स्वतः लिहून काढावी. पहिला आराखडा एआयकडून करून घ्यायला हरकत नाही, पण तो माणसाने तपासलाच पाहिजे. १९४७ साली सुरू झालेलं हुबळीचं भूमरड्डी इंजिनिअरिंग कॉलेज आता केएलई टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी आहे. धारवाडला २०१६ पासून आयआयटी आहे. मासेमारीच्या साधनांवर १९५७ पासून काम करणारी केंद्र सरकारची संस्था कोचीला आहे, सीआयएफटी. यांच्यापैकी कोणाकडे सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र गेलं तर एकट्या मालकाच्या फोनपेक्षा त्याला वजन येईल. तपासलेलं ड्रॉइंग सोसायटीच्या मालकीचं राहील, आणि तेच ड्रॉइंग तीन वर्कशॉपना देऊन भाव मागता येतील. तेव्हा कुठे एक लाख चाळीस आणि दोन लाख दहा यांची तुलना होऊ शकेल, कारण दोघेही एकाच वस्तूचा भाव सांगत असतील.

पत्र पाठवण्याआधी आपल्याकडची माहिती जमली पाहिजे. कार्यालयात वही ठेवली आहे. इंजिन किती हॉर्सपॉवरचं, तार किती जाड आणि किती वाव, रिकाम्या ड्रमचा व्यास, विंच कोणत्या वर्षी बसवला, आणि त्यानंतर काय काय मोडलं, कशामुळे, एवढं प्रत्येक नौकेचं हवं आहे. लिहायला तांडेलाला घेऊन या, मालकाला सगळं आठवत नाही. मोडलेली पिन, झिजलेली की, तडकलेली प्लेट भंगारवाल्याला देण्याआधी फोटो काढून ग्रुपवर टाका, आणि फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवा.