बोटांनी सोडलेल्या बाणाला बाजूचा आधार हवा

कंपाउंड धनुष्य बोटांनी ओढून बाण सोडला की दोरी सरळ पुढे जात नाही. ती बोटांच्या टोकांवरून घरंगळते. उजव्या हाताने ओढणाऱ्याची दोरी आधी किंचित डावीकडे सरकते आणि बाण आडवा वाकतो. ‘कंपाउंडला खाली पडणारा रेस्टच (बाण टेकवायचा आधार) उत्तम’ हा मागील अंकातील पत्राचा निष्कर्ष इथेच चुकतो. रिलीज एडने (दोरी सोडण्याच्या यांत्रिक साधनाने) सोडलेला बाण मुख्यतः वर-खाली लवतो, त्याला खालचा आधार पुरतो. २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेते ठरलेले ओजस देवतळे आणि अदिती स्वामी रिलीज एडच वापरतात. त्यांच्या धनुष्यावरचा रेस्ट बोटांनी बाण सोडणाऱ्याने डोळे झाकून उचलू नये.

बोटांसाठी बारीक तारेचा फ्लिपर रेस्ट आणि त्याशेजारी कुशन प्लंजर ही जोडी सर्वांत भरवशाची. प्लंजरच्या नळीतली स्प्रिंग बाणाचा पहिला धक्का पोटात घेते, आणि स्क्रू फिरवून तिचा ताण कमी-जास्त करता येतो. तारेच्या वेटोळ्याचा स्प्रिंगी रेस्ट ही दोन्ही कामे एकटा करतो, मात्र ताण बदलायचा तर वेटोळेच बदलावे लागते. दोन दातांचा रेस्ट टाळलेला बरा. आडवा वाकलेला बाण त्यावरून सहज घसरतो.

रेस्ट बसवताना बाणाचे टोक दोरीच्या रेषेच्या किंचित बाहेर, म्हणजे उजव्या हातासाठी डावीकडे, ठेवावे. वेगळ्या रंगाचे पीस धनुष्यापासून बाहेरच्या दिशेला असावे. प्लॅस्टिकच्या पात्यांपेक्षा खरी पिसे चांगली: रेस्टला घासली तरी ती दबतात आणि बाण कमी भरकटतो.