रणनेतृत्वाचा हिशेब

‘शत्रू दारात उभा असताना प्रश्न कसले विचारता?’ असे दरडावले की युद्धकाळातील चर्चा संपते, असा सत्ताधाऱ्यांचा समज असतो. लोकशाहीचे माहेरघर म्हणविणाऱ्या अथेन्सचा अनुभव मात्र निराळा आहे. तेथील बहुतेक पदे चिठ्ठ्या टाकून भरली जात; दहा सेनापती मात्र नागरिक दरवर्षी मतदानाने निवडीत. पदावरून उतरताना प्रत्येकाला कारभाराचा हिशेब द्यावा लागे. इ. स. पूर्व ४३० मध्ये, स्पार्टाशी युद्ध चालू असतानाच, नागरिकांनी पेरिक्लीससारख्या नेत्याला पदच्युत करून दंड केला आणि पुढच्याच वर्षी पुन्हा त्यालाच निवडले.

पण हाच अधिकार विवेकशून्य झाला तेव्हा अनर्थ ओढवला. इ. स. पूर्व ४०६ मध्ये आर्जिनुसीची सागरी लढाई जिंकूनही, वादळात बुडणाऱ्या खलाशांना वाचविले नाही म्हणून सहा सेनापतींना देहान्त शासन झाले. सर्वांचा निवाडा एकाच मतदानात! सॉक्रेटिसचा विरोध व्यर्थ ठरला. दोन वर्षांनी अथेन्स शरण गेले.

आपल्याकडे ही कसोटी १९६२ मध्ये लागली. चिनी आक्रमण चालू असताना संसदेचे अधिवेशन बोलवा, अशी मागणी अटलबिहारी वाजपेयींनी केली. ८ नोव्हेंबरला अधिवेशन सुरू झाले. लोकसभेत १६५ सदस्य बोलले. कृष्ण मेनन यांना जावे लागले आणि २१ नोव्हेंबरला संरक्षण खाते यशवंतराव चव्हाणांकडे आले. त्यांचे जन्मगाव देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यात आहे, कर्मभूमी कराड साताऱ्यात. बेचाळीसच्या आंदोलनात याच मुलुखात भूमिगत राहून लढलेल्या या नेत्याला १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध पाठविले गेले. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांब भागात पाकिस्तानी रणगाडे घुसले, तेव्हा विमानदल वापरण्याची अनुमती त्यांनी त्याच सायंकाळी दिली. तो विश्वास अनाठायी नव्हता.

तथापि, हिशेब मात्र अर्धाच राहिला. २ सप्टेंबर १९६३ रोजी यशवंतरावांनी लोकसभेत प्रशिक्षण, शस्त्रसामग्री आणि सेनानेतृत्व यांतील उणिवा मांडल्या; पण हेंडरसन ब्रूक्स चौकशी अहवाल गोपनीयच ठेवला. त्या वेळी सीमा धगधगत होती, हे मान्य. २०१४ मध्ये त्याचा मोठा भाग एका परदेशी पत्रकाराने उघड केला. शासनाने मात्र तो अधिकृतरीत्या आजवर प्रसिद्ध केलेला नाही. सहा दशकांनंतर कोणते गुपित शत्रूपासून लपवायचे उरले आहे?

या काळात अनेक पक्षांची सरकारे आली आणि गेली; दोष एकाचा नाही. सेनापतींना सुळावर चढविणारा अथेन्सचा उन्माद आपल्याला नको. पण पदावरून उतरताना हिशेब देण्याची त्यांची रीत अवश्य हवी. ज्या सातारा-सांगलीने घरटी जवान सीमेवर पाठविले, तिथल्या माता-पित्यांचा तो हक्कच आहे.