समाधान विचारायचे, पण केव्हा?

नर्सिंगच्या विद्यार्थिनी समाधानी आहेत का, हे मोजणाऱ्या प्रश्नावल्या साधारण एकाच साच्याच्या असतात. शिक्षक कसे शिकवतात, ग्रंथालय बरे आहे का, वसतिगृहातले जेवण कसे? महाविद्यालयांच्या नॅक मूल्यांकनात तर असे सर्वेक्षण हा रीतसर भागच आहे. प्रश्न वावगे नाहीत, वेळ चुकते. शिकत असताना मुलगी सोयींबद्दल सांगू शकते. शिक्षण पुरे पडले का, हे तिला पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या एखाद्या आरोग्य उपकेंद्रात कळते. डोंगरी आदिवासी भागात ३ हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, सपाटीवर ५ हजारांना, असा निकष आहे. सवलत दिसते खरी, पण ती ३ हजार माणसे पाड्यापाड्यांत विखुरलेली असतात आणि उपकेंद्रात सहसा एमबीबीएस डॉक्टर नसतो. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाड्यातल्या मरकटवाडीत वेळेआधी जन्मलेली जुळी बाळे दगावली आणि रक्तस्राव होणाऱ्या आईला डोलीतून न्यावे लागले. रस्ता नव्हता, हा दोष शासनाचाच. पण डोली दवाखान्यात पोहोचेपर्यंतचा वेळ कुणाच्या तरी हातात असतो. रक्तस्राव आवरणे, कमी वजनाच्या बाळाला उबेत ठेवणे, कुठली बाई आताच हलवायची हे ओळखणे, ही कामे वार्डात दहा जणींच्या मागे उभे राहून येत नाहीत. शिवाय पुस्तके बहुधा इंग्रजीत आणि समोरची बाई वारली किंवा कातकरी बोलीत कळा सांगणार! जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचे बालमृत्यू १९९२-९३ मध्ये गाजले, तेव्हापासून या तालुक्यांवर अहवाल पुष्कळ निघाले. तिथे राबणाऱ्या नर्सताईला तिच्या शिक्षणाबद्दल मात्र क्वचितच कुणी विचारते.

नोकरीत वर्ष काढल्यावर विचारले तर उत्तरात तुटपुंजा पगार, कंत्राट आणि एकटेपणा मिसळेल, असा आक्षेप येईल. येईलच; म्हणून ‘खूश आहात का’ असे मोघम न विचारता, कुठले काम पहिल्यांदा करताना हात थरथरला, ते विचारावे. दुसरा आक्षेप जुन्या शिस्तीचा: विद्यार्थिनी म्हणजे गिऱ्हाईक नव्हे, तिला खूश ठेवायचे कशाला? हे मला निम्मे पटते. पण कडक सिस्टरचा शिकताना आलेला राग पुढे कृतज्ञतेत बदलतो की नाही, हेही उशिरा विचारल्यानेच कळेल. या मुली शोधणे अवघड नाही. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे त्यांची नोंद असतेच. उत्तरे तेवढी परत त्यांच्या कॉलेजात गेली पाहिजेत, आणि पुढच्या तुकडीच्या प्रात्यक्षिकांचे वेळापत्रक आखणाऱ्यांच्या टेबलावर.