पाच दिवसांचा पायलट आणि आमच्या वावरावरचं विष

बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यात, आमच्या जानेफळच्या शिवारात ड्रोनने फवारणी करायला येणाऱ्या माणसाला सरकार काय विचारतं, ते आधी मांडतो. वय 18 ते 65 मध्ये आहे का? दहावी पास आहे का? ओळखीचा पुरावा आहे का? नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, मान्यता दिलेल्या संस्थेत प्रशिक्षण घेतलं का? संस्थेने चाचणी घेतली, पोरगा पास झाला, 100 रुपये शुल्क भरलं, की 10 वर्षं चालणारं रिमोट पायलट प्रमाणपत्र त्याच्या नावावर निघतं. टाकीत कोणतं विष आहे, ते एकरी किती पडलं पाहिजे, वारा फिरला तर काय करायचं, शेजारच्या वावरात बाया निंदत असतील तर थांबायचं की नाही, विष अंगात गेलेल्या माणसाला दवाखान्यात नेईपर्यंत काय करायचं, यातलं काहीही आलं नाही तरी ते प्रमाणपत्र अडत नाही. ही व्यवस्था चुकीची आहे, धोक्याची आहे, आणि ती अशीच राहिली तर आमच्या भागात माणसं मरतील. मी हे मऊ करून सांगणार नाही.

नियमच नकोत असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. 25 ऑगस्ट 2021 ला केंद्राने ड्रोन नियम आणले. अर्जांचे नमुने 25 होते ते 5 केले, शुल्काचे प्रकार 72 होते ते 4 केले. ते बरंच झालं. प्रमाणपत्रासाठी पासपोर्ट लागायचा. आमच्याकडच्या किती शेतकऱ्यांच्या घरात पासपोर्ट असतो? सप्टेंबर 2023 मध्ये ती अट काढली आणि मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, वाहन परवाना चालू लागला. तेही योग्य केलं. प्रशिक्षणात जे शिकवतात तेही फुकट नाही. लाल, पिवळं आणि हिरवं हवाई क्षेत्र, हिरव्या क्षेत्रात साधारणपणे 120 मीटरची मर्यादा, बॅटरीची निगा, हवामान, आधी संगणकावर सराव, मग नजरेच्या टप्प्यात प्रत्यक्ष उड्डाण. फवारणीचा ड्रोन भरल्या टाकीसह 25 किलोच्या आतबाहेर जातो. तो डोक्यावर पडला तर माणूस उठत नाही. तेव्हा उडवणाऱ्याला उडवता आलंच पाहिजे.

पण मेहकर तालुक्याच्या आकाशात टक्कर व्हायला विमान येतंय कुठून? फवारणीचा ड्रोन पिकावरून दोन-तीन मीटरवर फिरतो. आमच्याकडे जो धोका आहे तो त्या दोन-तीन मीटरांत आहे, आणि परीक्षेने सगळं लक्ष वरच्या आकाशाकडे लावलं आहे.

पाठीवरच्या पंपाने एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं. ड्रोनने तेच काम दहा लिटरच्या आसपास उरकतं. एकरी कीटकनाशकाची मात्रा मात्र तेवढीच ठेवतात. म्हणजे ड्रोनच्या टाकीतलं द्रावण पंपातल्या द्रावणापेक्षा पंधरा-वीस पट कडक असतं. थेंब बारीक, वरून पंख्यांचा वारा, त्यात आमच्याकडचा श्रावणातला वारा कधी कुठून फिरेल याचा नेम नाही. पंपाने फवारताना वाऱ्यावर उडालेला थेंब आणि ड्रोनचा उडालेला थेंब यांची बरोबरीच होत नाही. एवढी एक गोष्ट ज्याला कळली नाही, त्याच्या हातात तो रिमोट देणं गुन्हा आहे. ही गोष्ट कळली की नाही हे तपासणारी सक्तीची परीक्षा नाही.

माझ्या धुऱ्यापलीकडे मका होता. त्यावर भाड्याच्या ड्रोनने टू-फोर-डी हे तणनाशक मारलं. ज्याने पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, लावली आहे त्याला पुढचं सांगायची गरज नाही. या तणनाशकाचा नुसता वास लागला तरी पऱ्हाटी वाकडी होते. नवी पानं अरुंद, बोटांसारखी, भेंडीच्या पानासारखी निघतात, पात्या गळतात. माझ्या धुऱ्याकडच्या तासांचं तेच झालं. ड्रोन उडवणारा पोरगा विशीतला, बोलायला चांगला. मी प्रमाणपत्र मागितलं तर म्हणाला, "काका, कागद शेठजवळ आहे." शेठ दुसऱ्या तालुक्यात. पोराने कधी प्रशिक्षण घेतलंच नव्हतं. शेठने घेतलं होतं, आणि शेठच्या कागदावर हा पोरगा वावरं फवारत फिरत होता. वारा कोणत्या बाजूचा होता असं विचारलं तर तो मोबाइलकडे पाहू लागला. भरपाईची तक्रार कोणाकडे करायची, हे मला कोणीच सांगू शकलं नाही. ड्रोन नियमांत दुसऱ्याच्या जीविताचं किंवा मालमत्तेचं नुकसान भरून देण्यासाठी त्रयस्थ विम्याची तरतूद आहे. त्या विम्याचा कागद धुऱ्यावर कोणी कधी दाखवला आहे का?

त्या पोराला मी दोष देत नाही. त्याला दिवसाची मजुरी मिळते. दोष त्या शेठचा आहे, आणि त्याहून मोठा दोष त्यांचा आहे ज्यांनी हे सगळं माहीत असून अर्धवट नियम केले.

माहीत होतं असं मी पुराव्यानिशी म्हणतो. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्राच्या मंत्रिमंडळाने नमो ड्रोन दीदी योजना मंजूर केली. 1261 कोटी रुपये, 15,000 महिला बचत गट, ड्रोनच्या किमतीवर 80 टक्के आणि जास्तीत जास्त 8 लाख अनुदान. त्या योजनेत गटातल्या बाईसाठी प्रशिक्षण किती दिवसांचं ठरवलं? 15 दिवसांचं. त्यातले 5 दिवस ड्रोन उडवण्याचे आणि 10 दिवस खतं-कीटकनाशकं फवारण्याचे. म्हणजे सरकारी कागदावरच लिहिलेलं आहे की उडवायला शिकण्यापेक्षा फवारायला शिकायला दुप्पट वेळ लागतो. मग स्वतःच्या पैशाने ड्रोन घेऊन गावोगाव भाड्याने फिरवणाऱ्याला ते 10 दिवस का माफ? त्याच्या टाकीतलं विष सौम्य असतं का? बचत गटातली बाई आपल्या पाच-सात गावांत फवारणार, आणि हा माणूस हंगामात दोन-तीन जिल्हे पालथे घालणार. जो जास्त फिरतो त्याला कमी शिक्षण, हे कोणत्या शहाण्याने ठरवलं?

आणखी एक पुरावा. कृषी केंद्रात बसून कीटकनाशकाची सीलबंद बाटली विकणाऱ्याला कृषी किंवा तशा विषयाची पदवी-पदविका लागते. जुन्या दुकानदारांसाठी 12 आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम काढला. बाटली विकणाऱ्याला 12 आठवडे. तीच बाटली फोडून, पंधरा-वीस पट कडक करून, उघड्या हवेत सोडणाऱ्याला त्या विषाच्या बाबतीत सक्तीचा एक दिवसही नाही.

कोणी म्हणेल, कृषी मंत्रालयाने डिसेंबर 2021 मध्ये ड्रोन फवारणीची कार्यपद्धती जाहीर केली आहे, पुढे पिकांप्रमाणे वेगळ्या पद्धतीही दिल्या आहेत. दिल्या आहेत, मी नाकारत नाही. फवारणीची आगाऊ सूचना गावात द्यायची, वाऱ्याचा अंदाज घ्यायचा, पाण्याच्या जागा सोडायच्या, हे त्यात आहे. कागद चांगला आहे. पण आमच्या गावात ड्रोन येण्याआधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर सूचना लागलेली मी पाहिलेली नाही. जी गोष्ट परीक्षेत नाही आणि जिच्यावाचून प्रमाणपत्र अडत नाही, ती वावरात पाळली जाणार नाही, हे समजायला दिल्लीत बसावं लागत नाही.

ज्यांना हे अतिशयोक्त वाटतं, त्यांनी 2017 चा यवतमाळ आठवावा. पऱ्हाटीवर फवारणी करता करता त्या एका जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात पडले, काहींची नजर गेली. विशेष तपास पथक नेमलं, अहवाल झाले, भाषणं झाली. त्या माणसांना कोणी शिकवलं नव्हतं. दोन-तीन औषधं एकत्र करू नका, वाऱ्याच्या उलट चालू नका, डोक्याएवढी पऱ्हाटी झाली की फवारा तोंडावर येतो, बाटलीवरचा लाल त्रिकोण म्हणजे काय, हे सांगायला माणूस नव्हता. मग त्यांच्यावरच ठपका ठेवला की मास्क घातला नाही. त्या मरणांतून शिकायचं असेल तर एकच गोष्ट शिकायची होती. फवारणाऱ्याला विषाचं शिक्षण दिल्याशिवाय हातात पंप द्यायचा नाही. काही वर्षांनी आपण पंपाच्या जागी ड्रोन दिला आणि शिक्षण पुन्हा राहू दिलं.

ड्रोन नको असं मी म्हणत नाही, उलट पाहिजेच म्हणतो. पाठीवर वीस लिटरचा पंप घेऊन चिखलात चालणारा गडी विषाच्या ढगातून चालतो. ड्रोनने तो ढगाबाहेर येतो, हा खरा फायदा आहे आणि तो मोठा आहे. एका एकराला दहा मिनिटं लागत नाहीत. पाऊस उघडला, वावरात पाय घालवत नाही, सोयाबीनवर उंटअळी पडली आहे, तेव्हा हे यंत्र पीक वाचवतं. मजूर मिळत नाही ही अडचणही खरी आहे. पण यंत्र चांगलं असलं म्हणून अडाणी हातात सुरक्षित होत नाही. गडी ढगाबाहेर आला आणि धुऱ्यापलीकडच्या बाया ढगात गेल्या, तर कोणाचा जीव वाचला?

आता दुसरी बाजू, तीही तितकीच चीड आणणारी. ज्यांना मनापासून शिकायचं आहे त्यांच्यासाठी रस्ता बंद आहे. माझी पुतणी पदवीधर आहे, बचत गटात आहे, हिशोबाला पक्की आहे. गटाला योजनेतला ड्रोन मिळाला नाही. स्वतःच्या खर्चाने शिकते म्हणाली, तर तिला सांगितलेली फी 40 हजारांच्या पुढे, राहणं-खाणं वेगळं, केंद्र दूर, पुस्तक इंग्रजीत. 40 हजार म्हणजे 2025 च्या बाजारभावाने साधारण 10 क्विंटल सोयाबीन. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दोन एकरांची अख्ख्या हंगामाची कमाई. सरकारचं शुल्क 100 रुपये ठेवून काय उपयोग, जर त्या 100 रुपयांपर्यंत पोचायला 40 हजार मोजावे लागत असतील? म्हणूनच गावागावात शेठचं प्रमाणपत्र आणि पोराचे हात असा धंदा चालतो. फी परवडणारा उडवत नाही आणि उडवणाऱ्याला फी परवडत नाही. विनाप्रमाणपत्र उडवलं तर एक लाखापर्यंत दंड आहे. तो दंड वसूल करायला धुऱ्यावर कोण येतं, हे आमच्या शेतकऱ्याने सांगावं.

दहावीच्या अटीने तर ज्यांनी जन्मभर फवारणी केली त्यांनाच दाराबाहेर ठेवलं. वीस-वीस वर्षं पंप वाहिलेला भूमिहीन गडी वाऱ्याचा रोख अंगावरच्या सदऱ्यावरून ओळखतो. त्याला बाजूला सारून, पावसाळ्यात कधी वावरात न गेलेला पदवीधर आम्ही पायलट म्हणून घेतो.

हे काम विमान वाहतूक खात्याच्या एकट्याच्या बसचं नाही. उड्डाणाचं त्यांनी बघावं. विषाचं शिक्षण कृषी खात्याने, कृषी विद्यापीठांनी आणि कृषी विज्ञान केंद्रांनी द्यावं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने डीजीसीएची मान्यता घेऊन प्रशिक्षण चालवून दाखवलं आहे, म्हणजे कृषी संस्थेला हे जमत नाही असं कोणी म्हणू नये. बुलढाणा जिल्ह्यात अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची माणसं आहेत, किडींची आणि औषधांची जाण असलेले शास्त्रज्ञ आहेत. मेहकरला तालुक्याच्या पातळीवर, मराठीत, धुऱ्यावर उभं करून फवारणीची परीक्षा घ्या. भाड्याने फवारणाऱ्या प्रत्येकाला ते 10 दिवस सक्तीचे करा, आणि ते पास झाल्याचा शिक्का प्रमाणपत्रावर असल्याशिवाय कीटकनाशकाने भरलेला ड्रोन उचलू देऊ नका. अल्पभूधारकांच्या आणि शेतमजुरांच्या मुलामुलींची फी सरकारने भरावी. ड्रोनवर 8 लाख देता येतात, तर माणसावर 40 हजार देता येतात.

सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राने नागरी ड्रोन विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी लोकांपुढे ठेवला. कायदा नव्याने लिहिला जात असताना ही दुरुस्ती झाली नाही तर पुढे ती होणार नाही. बुलढाण्याचे खासदार प्रतापराव जाधव आमच्याच मेहकरचे, आणि जून 2024 पासून केंद्रात आरोग्य खात्याचे राज्यमंत्री. विषबाधा हा आरोग्याचाच विषय आहे. त्यांनी हा विषय दिल्लीत मांडावा, ही त्यांच्या एका मतदाराची उघड मागणी आहे.

आणि जानेफळच्या, आसपासच्या सगळ्या गावच्या शेतकऱ्यांना सांगतो, कायदा बदलेपर्यंत थांबू नका. येत्या ग्रामसभेत ठराव घ्या की आदल्या दिवशी फळ्यावर सूचना लागल्याशिवाय शिवारात फवारणीचा ड्रोन उतरणार नाही. ड्रोन आला की रिमोट धरणाऱ्याच्या स्वतःच्या नावाचं प्रमाणपत्र मागा, शेठच्या नावाचं चालणार नाही म्हणून सांगा. विम्याचा कागद मागा. आदल्या दिवशी टाकीत काय होतं ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर त्याला वावरात पाऊल टाकू देऊ नका, मग पिकावर कितीही अळी असो.